पोकळ भांडे कातताना : वाचकांचे प्रश्न

लाकडाच्या लेथवरील कामाविषयी या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच टप्प्यावर अडलेल्या वाचकांची आहेत. लाटणे, खुंटी, खुर्चीचा पाय अशा भरीव वस्तू त्यांना सफाईने कातता येतात. पण भांडे आतून कोरायला घेतले की हत्यार थरथरते, रुतते, भिंत फुटते किंवा बूड निघून जाते. त्यांपैकी काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. परस्परांशी मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे एक अश्वशक्तीच्या मोटरीचा लेथ आहे. बाहेरून कातण्याचा सराव चांगला झाला आहे. आता अरुंद तोंडाचा लाकडी चंबू करायचा आहे. सुरुवात कशी करावी आणि लाकूड कोणते घ्यावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चंबूपर्यंत आपण नक्की पोहोचाल, परंतु सुरुवात कुंकवाच्या करंड्याने करावी. सुमारे ८० मिमी व्यासाचा, रुंद तोंडाचा आणि आतून ४० मिमीहून कमी खोल असा करंडा कोरताना हत्याराचे टोक सतत डोळ्यांसमोर राहते आणि आधारापासून फार दूरही जात नाही. त्याच्यानंतर उभा पेला, मग तोंड किंचित आत वळलेला गडू आणि सर्वांत शेवटी चंबू घ्यावा. हा क्रम सौंदर्याचा किंवा परंपरेचा नाही. प्रत्येक पुढच्या भांड्यात टूल रेस्टच्या, म्हणजे हत्यार टेकवायच्या आधाराच्या, पलीकडे हत्याराचे टोक अधिक लांब जाते आणि तोंड अरुंद झाल्यामुळे ते कमी कमी दिसते, एवढ्याच कारणाने तो लावला आहे.

लाकडाबाबत म्हणाल तर शिवण हे शिकाऊ हातासाठी माझ्या मते सर्वांत समजूतदार लाकूड आहे. ते मऊ असते, एकसारखे कापले जाते आणि वाळताना फारसे वाकत नाही. आंबा स्वस्त आणि सहज मिळणारा आहे, मात्र त्याला धार लागते. बोथट पटाशीने त्याचे तंतू उपटून निघतात. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पूर्वापार वापरला जाणारा पांगारा फारच हलका आहे आणि तो रंगकामासाठी उत्तम आहे, परंतु पातळ भिंतीचे भांडे त्यात शिकू नये. सागात सिलिकेचे कण असल्यामुळे हत्याराची धार लवकर जाते, म्हणून सतत सहाणेकडे धाव घ्यावी लागते. शिसव आणि बाभूळ ही लाकडे हात बसल्यानंतर घ्यावीत.

ठोकळा असा कापावा की लाकडाचे तंतू लेथच्या आसाला समांतर राहतील, म्हणजेच लाटण्यासाठी धरतो तसाच तो उभा धरावा. रुंद परात किंवा वाडगा करताना तंतू आसाला आडवे ठेवतात. या दोन मांडण्यांत कोरण्याची दिशा उलट होते; त्याविषयी पुढे एका प्रश्नात लिहिले आहे.

प्रश्न : पहिले दोन इंच आतून व्यवस्थित कोरले जाते. त्याच्या पुढे गेलो की पटाशी थरथरू लागते, आत खवल्यांसारखी नक्षी उठते आणि अचानक टोक रुतून झटका बसतो. वाकड्या मानेच्या हत्याराने तर मूठच हातात फिरते. माझी ताकद कमी पडते की हत्यार हलके आहे? (एक वाचक, मिरज, याच आशयाची आणखी काही पत्रे)

उत्तर : ताकदीचा यात फारसा संबंध नाही. हत्यार हलके असू शकते, पण मूळ कारण त्याचे टोक आधारापासून किती पुढे आहे हे आहे. टूल रेस्टच्या पुढे असलेली सळई म्हणजे एका टोकाला धरलेली तुळई असते. अशा तुळईच्या टोकावर तोच भार ठेवून तिची लांबी दुप्पट केली, तर तिचे वाकणे दुप्पट होत नाही, आठपट होते. लांबी तिप्पट केली तर सत्तावीसपट होते. दोन इंचांवर शहाण्यासारखी वागणारी पटाशी चार इंचांवर एकदम बेभान का होते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. उलट सळईची जाडी वाढवली की ताठपणा तिच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. १२ मिमी व्यासाच्या सळईऐवजी १६ मिमीची घेतली तर ती सुमारे तिप्पट ताठ होते, आणि २० मिमीची घेतली तर साडेसात पटींहून अधिक. म्हणून १२ मिमीच्या सळईने १०० मिमी, १६ मिमीच्या सळईने १५० मिमी आणि २० मिमीच्या सळईने २०० मिमी यांच्या फार पुढे जाऊ नये, असा माझा सावध हिशेब आहे. अनुभवी कातारी याहून खोल जातात, पण त्यांचा हात टोकावरचा भार क्षणोक्षणी कमी-जास्त करत असतो.

हा भार कमी ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाते लहान ठेवणे. बाजारात मिळणारी रुंद गोल तोंडाची स्क्रेपर (खरवडणारी) पटाशी उघड्या वाडग्यात छान चालते; मात्र खोल भांड्यात तिची सगळी धार एकाच वेळी लाकडाला भिडली की तिला सांभाळणे कोणालाही जड जाते. जाड सळईच्या टोकाला बसवलेले ५ ते ६ मिमी रुंदीचे हाय-स्पीड स्टीलचे पाते काम हळू करते, पण करते. अनेक कारागीर धातुकामाच्या लेथसाठी मिळणारा चौकोनी टूल-बिट (पोलादी पात्याचा तुकडा) घासून, सळईला भोक पाडून आणि स्क्रूने आवळून असे हत्यार स्वतःच बनवतात. मूठ मात्र लांब हवी. रेस्टच्या पुढे जेवढी सळई आहे तिच्या तिप्पट तरी लांबी रेस्टच्या मागे असावी आणि मागचा भाग कोपराखाली किंवा कमरेशी टेकवावा, म्हणजे मनगटावर काही येत नाही.

आता टोकाच्या उंचीविषयी. बाहेरून खरवडताना आपण टोक मध्यरेषेवर, म्हणजे लाकूड ज्या आसाभोवती फिरते त्याच्या उंचीवर, किंवा किंचित खाली ठेवायला शिकतो. आतून नेमके उलटे आहे. आतल्या भिंतीवर टोक मध्यरेषेच्या एखादा मिलिमीटर वर असेल आणि भाराने सळई खाली वाकली, तर टोक मध्यरेषेकडे सरकते. तेथे भिंत सर्वांत दूर असल्यामुळे ते आपोआप लाकडापासून सुटते. तेच टोक आधीच मध्यरेषेच्या खाली असेल तर वाकताना ते भिंतीत आणखी शिरते, अधिक लाकूड पकडते, अधिक वाकते आणि रुतते. आपण लिहिलेला झटका बहुधा असाच बसतो. म्हणून जितके खोल जावे तितका रेस्ट थोडा थोडा वर घ्यावा, कारण वाकणेही वाढत जाते. मूठ टोकापेक्षा किंचित उंच राहू द्यावी.

वाकड्या मानेच्या हत्याराची गोष्ट निराळी आहे. तेथे टोक सळईच्या आसावर नसते, बाजूला असते. त्यामुळे लाकूड टोकाला खाली दाबते तेव्हा सळई केवळ वाकत नाही, तर स्वतःभोवती पिळली जाते. हा पीळच आपल्या हातात मूठ फिरवतो. वाकडा भाग कधीही रेस्टवर टेकवू नये. रेस्टवर नेहमी सरळ सळईच असली पाहिजे. हत्यार विकत घेताना किंवा घडवताना मानेचा बाक असा निवडावा की टोक पुन्हा शक्य तितके सळईच्या आसाजवळ येईल. खांद्याखालचा अवघड कोपरा सोडला तर बाकी सर्व काम सरळ हत्यारानेच उरकावे. माझे मत असे की शिकाऊ माणसाने वाकडे हत्यार वर्षभर तरी घेऊ नये. चंबूचा खांदा थोडा उतरता ठेवला, तोंड किंचित मोठे ठेवले, तर सरळ सळईही पुष्कळ लांब पोहोचते.

ज्यांना अधिक खोल जायचे आहे त्यांच्यासाठी मागे दोन आडव्या दांड्यांमध्ये अडकवलेली किंवा सांध्यांची भुजा असलेली यंत्रणा मिळते. ती पीळ आणि वरखाली होणे स्वतःवर घेते आणि आपल्या हातांना केवळ दिशा देण्याचे काम उरते. ती जरूर वापरावी. मात्र सुरुवातीचे करंडे हातानेच करावेत, नाहीतर रुतण्याआधी लाकूड काय सांगते हे ऐकण्याची सवय लागत नाही.

आणखी एक गोष्ट पत्रांत कोणीच विचारलेली नाही, पण थरथरीचे अर्धे कारण तीच असते. पुष्कळजण आधी संपूर्ण पोकळी ढोबळ कोरतात आणि मग तोंडापासून बुडापर्यंत भिंत सफाईला घेतात. तोपर्यंत वरची भिंत पातळ होऊन ताठपणा गमावून बसलेली असते, त्यामुळे तिला हात लावताच ती स्वतः थरथरते. दोष मात्र हत्याराला दिला जातो. योग्य क्रम असा की तोंडापासून साधारण २५ मिमी खोलीपर्यंतची भिंत अंतिम जाडीला आणून पूर्ण करावी आणि तेव्हा खाली भरीव लाकूड शिल्लक असावे. मग पुढचा २५ मिमीचा टप्पा घ्यावा. पूर्ण केलेल्या टप्प्याकडे हत्यार घेऊन परत जाण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : करंड्याच्या आतील बाजू खरखरीत राहते, कितीही पॉलिश पेपर मारला तरी तंतू उभेच दिसतात. (एक वाचिका, पुणे)

उत्तर : कोरण्याची दिशा तपासावी. तंतू आसाला समांतर असलेल्या भांड्यात आतून नेहमी लहान व्यासाकडून मोठ्या व्यासाकडे कातावे. करंड्यात याचा अर्थ मध्यापासून काठाकडे असा होतो. त्यामुळे प्रत्येक तंतूला कापताना त्याच्यामागे दुसऱ्या तंतूचा आधार मिळतो. वाडग्यात, जेथे तंतू आडवे असतात, तेथे उलट काठाकडून मध्याकडे यावे लागते. वाडग्याची सवय असलेले हात करंड्यातही काठाकडून आत जातात आणि तेथेच तंतू उपटतात.

चंबूमध्ये या नियमाचे दोन भाग होतात. तोंडापासून पोटाच्या सर्वांत फुगीर भागापर्यंत व्यास वाढत जातो, म्हणून तेथे वरून खाली कातावे. बुडाच्या मध्यापासून त्याच फुगीर भागापर्यंत खालून वर यावे. दोन्ही काप पोटाच्या रेषेवर मिळतात.

उघड्या करंड्यासाठी स्क्रेपरऐवजी गोल पटाशी, म्हणजे स्पिंडल गाउज, वापरून पाहावी. तिची खाच घड्याळातील १० च्या दिशेला वळवावी, टोक नेमके मध्यावर टेकवून आत ढकलावे आणि मूठ उजवीकडून स्वतःकडे घेत टोक डावीकडे काठाकडे येऊ द्यावे. बरोबर जमले तर भुशाऐवजी लांब, गुळगुळीत ढलप्या निघतात आणि पॉलिश पेपरचे काम निम्म्यावर येते.

प्रश्न : तोंड अरुंद असल्यावर बूड किती उरले आणि भिंत किती जाड आहे हे कसे ओळखावे? माझ्या दोन भांड्यांना बुडाशी भोक पडले. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : बुडाचा निर्णय कोरण्याआधी घ्यायचा असतो. बाहेरचा आकार पूर्ण झाल्यावर टेलस्टॉकमध्ये (लेथच्या उजव्या टोकाच्या सरकत्या आधारात) ड्रिल धरणारा चक बसवून २५ मिमीच्या आसपासचे भोक मध्यातून पाडावे. ठरलेल्या खोलीच्या १० ते १२ मिमी आधी थांबावे आणि ड्रिलच्या टोकाचा अणकुचीदार भागही हिशेबात धरावा. खोलीची खूण ड्रिलच्या दांड्यावर रंगीत चिकटपट्टीने करावी, लेथ मिनिटाला ४०० ते ५०० फेऱ्यांवर ठेवावा आणि भुसा बाहेर काढण्यासाठी ड्रिल वारंवार मागे घ्यावे, कारण तंतूंच्या टोकांवर ते लवकर तापते. हे भोक केवळ मापासाठी नाही. मध्याजवळ लाकडाचा वेग जवळजवळ शून्य असतो आणि हत्यार तेथे कापत नाही, नुसते घासते, ती अडचणही त्याने जाते. चकमध्ये (लेथवर लाकूड धरणाऱ्या जबड्यांत) धरलेला मागचा खुंटा आणि शेवटी भांडे वेगळे करताना जाणारे लाकूड मोजायचे राहते आणि बुडाला भोक पडते, असा बहुतेक पत्रांतला अनुभव आहे.

भिंतीसाठी जाड तारेचे साधन घरीच होते. तार इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी अशी वाकवावी की तिचे एक टोक तोंडातून आत जाईल, दुसरे भांड्याच्या बाहेर राहील आणि दोन टोकांतील अंतर नेमके १५ मिमी असेल. लेथ बंद करून आतले टोक भिंतीला टेकवावे. बाहेरचे टोक आणि लाकूड यांच्यात ७ मिमीची फट दिसली, तर तेथे भिंत ८ मिमी आहे. हे मोजमाप तोंडाखाली, खांद्यावर, पोटावर आणि बुडाजवळ असे वेगवेगळ्या जागी घ्यावे. जाडी किती असावी यापेक्षा ती सर्वत्र सारखी असणे अधिक मोलाचे आहे, आणि पहिल्या काही भांड्यांना १० मिमीची भिंत ठेवण्यात कमीपणा नाही.

कानही उपयोगी पडतो. भिंत पातळ होत जाते तसा कापण्याचा आवाज बदलत जातो. जाड भिंतीवरचा बसका आवाज चढू लागला की थांबून मोजावे. तोंड इतके अरुंद ठेवून केवळ स्पर्श आणि आवाज यांच्या आधारे पातळ भांडी कोरण्याची पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतील डेव्हिड एल्सवर्थ यांनी रूढ केली. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सचे ते पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या कामातील वाकडी हत्यारे आज जगभर नक्कल होतात. त्यामागचा संयम मात्र विकत मिळत नाही.

प्रश्न : ओल्या आंब्याचा चंबू केला. आठवड्यात बुडापासून वर भेग गेली. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वाळताना लाकूड सर्व दिशांना सारखे आकसत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने होणारे आकसणे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. खोडाचा नेमका मध्य, म्हणजे मज्जा, भांड्यात राहिला तर हा फरक सोसायला लाकडाला जागा उरत नाही आणि भेग पडते. म्हणून फांदीचा अख्खा गोल घेण्याऐवजी ओंडका मधून चिरून मज्जा बाजूला काढावी. बूड जाड आणि भिंत पातळ असेल तरीही भेग बुडापासूनच सुरू होते, कारण पातळ भाग आधी वाळतो.

ओले लाकूड घेण्यात गैर काही नाही. उलट ते कोरायला सोपे असते. दोन मार्ग आहेत. पहिल्यात भांडे आधी ढोबळ कोरतात आणि भिंत व्यासाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे १२० मिमीच्या भांड्यास १२ मिमी, ठेवतात. मग ते त्याच्याच भुशासह कागदी पिशवीत घालून उन्हापंख्यापासून दूर ठेवतात आणि स्वयंपाकघरातील काट्यावर आठवड्याला तोलतात. वजन उतरणे थांबले की पुन्हा लेथवर चढवून अंतिम आकार देतात. दुसऱ्यात एकाच बैठकीत ५ ते ६ मिमीच्या सारख्या भिंतीपर्यंत काम पुरे करतात आणि भांडे वाळताना थोडे वेडेवाकडे होणे मान्य करतात. अर्धे कोरलेले ओले भांडे चकवर उघडे सोडून रात्री घरी जाणे मात्र कोणत्याही मार्गात बसत नाही. थांबायचेच असेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एक दुपारही पुरते.

प्रश्न : कोरताना ठोकळा चकमधून निसटला. असे का झाले? आणि लेथचा वेग किती ठेवावा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : खुंटा बहुधा चकच्या तळाला टेकत असावा. त्याचे टोक तळापासून थोडे वर राहिले पाहिजे आणि ठोकळ्याचा सपाट खांदा जबड्यांच्या तोंडावर नीट बसला पाहिजे. धरून ठेवण्याचे निम्मे काम तो खांदा करतो. खुंट्याचा व्यास भांड्याच्या व्यासाच्या ४० टक्क्यांच्या आसपास असावा. फेसप्लेट (ठोकळा स्क्रूने जोडायची चकती) वापरत असाल तर तंतूंच्या टोकांत स्क्रूची पकड कमी असते, म्हणून स्क्रू लांब घ्यावेत.

वेगाविषयीही आपण विचारले आहे. व्यास इंचांत घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले असता ६००० ते ९००० यांच्या दरम्यान यावे, असा एक प्रचलित हिशेब आहे. पाच इंचांच्या भांड्याला तो १२०० ते १८०० फेरे सांगतो. कोरताना मी या मर्यादेच्या खालच्या टोकालाच किंवा त्याहून कमी राहतो, आणि असमतोल ओला ठोकळा ५०० फेऱ्यांपलीकडे नेत नाही.

प्रश्न : सावंतवाडी आणि कर्नाटकातील चन्नपट्टण येथील लाखेच्या वस्तू पाहून मी येथे क्लबमध्ये पेले करू लागलो आहे. पेल्याला आतून लाख लावता येईल का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : बाहेरून जरूर लावावी. चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते आणि मग केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. तेथे पूर्वापार वापरले जाणारे लाकूड आपल्याकडे काळा कुडा म्हणून ओळखले जाते. पांढरे आणि बारीक पोताचे असल्यामुळे त्यावर रंग खुलतो. आतल्या बाजूस मात्र ही रीत चालत नाही, कारण अरुंद पोकळीत कांडी आणि पान धरायला जागाच नसते. शिवाय लाख ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि मद्यार्कात विरघळते, म्हणून चहा किंवा मद्य घेण्याच्या पेल्यास ती निरुपयोगी आहे. पेला खरोखरच वापरायचा असेल तर आत वाळणारे तेल, उदाहरणार्थ शुद्ध टंग तेल, पातळ थरांत लावून प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. कोरडा मुखवास किंवा सुपारी ठेवायची असेल तर आतले लाकूड उघडे ठेवले तरी बिघडत नाही.

प्रश्न : भुसा आत साठून हत्यार अडते. बोटाने काढला तर चालतो का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : लेथ फिरत असताना कधीही नाही, मग तोंड कितीही रुंद असो. ओल्या लाकडाच्या लांब ढलप्या अरुंद पोकळीत गुंडाळल्या जातात आणि बोटालाही तशाच गुंडाळतात. दर काही कापांनंतर मोटर बंद करावी, फिरणे पूर्ण थांबू द्यावे, रेस्ट बाजूला सरकवावा आणि लांब दांड्याच्या वाकवलेल्या चमच्याने भुसा काढावा. आतून पॉलिश पेपर लावतानाही तो बोटाला गुंडाळू नये. काठीच्या टोकाला फोमचा तुकडा बांधून त्यावर पेपर लावावा. हातमोजे, ओढणी, पदर आणि सैल बाह्या लेथजवळ नकोत. केवळ चष्म्याने भागत नाही. पूर्ण चेहरा झाकणारे पारदर्शक कवच हवे, कारण पातळ भिंत फुटते तेव्हा तुकडे डोळ्यांच्याच उंचीवर येतात. शिसव आणि साग यांच्या बारीक भुशाने काहींना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो, त्यामुळे पेपर मारताना चांगला मास्क लावावा.